क्लब आमचा, कर्ज क्लबचं, मालक फ्लोरिडाचे

सोमवारी सकाळी मी तर्री पोहे खायला आमच्या नेहमीच्या ठेल्यावर जात नाही. दोन चौक सोडून जातो, जिथे मला कोणी ओळखत नाही. नेहमीच्या ठेल्यावर सगळे क्रिकेटवाले, त्यांना ऑफसाइड म्हणजे काय ते आजपर्यंत समजलं नाही पण माझी इंग्लंडमधली फुटबॉलची टीम, मँचेस्टर युनायटेड, हरली की बरोबर समजते. "काऊन भाऊ, कालबी गेली का?" एवढं विचारून वरून माझ्या प्लेटीत तर्री जास्त टाकायला लावतात, दुःखात माणसाला तिखट लागते म्हणून.

परवा तर एकाने हिशोबच मांडला. युनायटेडने इंग्लंडची लीग शेवटची जिंकली २०१३ मध्ये. त्यानंतर आपल्या विदर्भाने रणजी तीनदा मारली, २०१७-१८, २०१८-१९ अन् २०२४-२५, अन् तिसरी तर इथेच नागपुरात, जामठ्याच्या स्टेडियमवर. म्हणे, "आमचा बस पकडून बघता येते अन् जिंकतेही. तुह्यावाल्याचं काय?" याला काय उत्तर द्यायचं, मी शेव मागितली.

पण राग मला खेळाडूंचा नाही. हरणं-जिंकणं चालतच असते. माझं दुखणं मालकांचं आहे, अन् ते ठेल्यावर कोणाला समजावून सांगता येत नाही, कारण आपल्या इकडे लोकांना वाटते मालक म्हणजे व्हीआयपी बॉक्समध्ये बसून टाळ्या वाजवणारा माणूस.

सुरुवात कुठून झाली ते सांगतो. २६ मे १९९९. नवतपा नुकताच लागलेला, रात्री सव्वाबाराला मॅच सुरू, युरोपच्या कपाची फायनल, बार्सिलोनाला, समोर बायर्न म्युनिक. मी कूलरच्या तोंडाशी बसलेलो, टीव्हीचा आवाज बारीक कारण बाबांची सकाळची ड्युटी. नव्वद मिनिटं होईपर्यंत एक गोलने मागे, अन् मग इंज्युरी टाइममध्ये शेरिंगहॅमने एक अन् सोल्शेअरने एक. मी एवढ्या जोरात ओरडलो की बाबा उठले, त्यांना वाटलं कूलरचा करंट लागला, त्यांनी धावत जाऊन आधी मेन स्विच बंद केला. कप उचलताना मी पाहिलाच नाही. लाइट आली तोपर्यंत जाहिराती सुरू होत्या.

बाबा अजनीच्या लोको शेडमधले. पोरगा रात्री जागून गोऱ्यांचा खेळ बघते म्हणून त्यांची आधी लई कुरकुर होती. मग मी कुठेतरी वाचलं की हा क्लब १८७८ मध्ये न्यूटन हीथ या नावाने रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढला, लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वे, नाव बदललं ते पार १९०२ मध्ये. हे ऐकल्यावर बाबा एकदम नरमले. "मग आपल्याच डिपार्टमेंटचा आहे," म्हणाले, अन् तेव्हापासून ते युनायटेडला आमची टीम म्हणायला लागले. शेडमध्ये जाऊनही सांगितलं असणार.

म्हणून २००५ मध्ये क्लब विकला गेल्याची बातमी मी त्यांना सांगितली तेव्हा सगळ्यात आधी ते भडकले. रेल्वेचा क्लब प्रायव्हेटला दिलाच कसा, युनियन काय झोपली होती का. मी म्हटलं बाबा, तो रेल्वेचा राहून शंभर वर्षं झाली. ते म्हणाले, तेच तर, असंच हळूहळू करतात हे लोक.

घेणारा कोण तर माल्कम ग्लेझर, अमेरिकेचा धंदेवाला, त्याच्याकडे आधीच टँपा बे बकनीअर्स नावाची, फ्लोरिडातली, त्यांच्या तिकडच्या फुटबॉलची टीम होती, जो फुटबॉल हातात धरून पळतात. आता हे खरेदीप्रकरण मला नीट समजलं ते माझ्या साळ्यामुळे. तो बँकेत लोन सेक्शनला आहे. लग्न नवीन होतं, तो सावजी मटण खायला आला होता, मी आपला विषय काढला.

"कितीत घेतला भाऊजी?"

"सातशे नव्वद मिलियन पौंड."

"त्याचे घरचे किती?"

"थोडेफार. पाचशेच्या वर तर उधारीच आहे."

"तारण काय ठेवलं?"

"क्लब."

"नाही, विकत काय घेतलं ते नाही विचारून राहिलो. तारण काय?"

"दोन्हीकडे क्लबच आहे."

त्याने नळी ताटात ठेवली. "हप्ते कोण भरणार?"

"क्लब."

"अन् मालक कोण?"

"तो."

"अन् क्लबकडे पैसा कुठून येईल?"

"तिकीट, जर्सी, टीव्ही..."

"म्हणजे तुम्ही."

मी भाताकडे बघत बसलो. मला वाटलं आता हा चिडेल, बँकेचा माणूस आहे, नियमाची चाड असेल. पण त्याच्या चेहऱ्यावर भजनात बसल्यासारखा भाव आला. "काय डोकं आहे हो भाऊजी," म्हणाला, "असा माणूस आपल्या नागपुरात एक पाहिजे होता." १९३१ पासून ज्या क्लबवर कर्ज नव्हतं त्याच्यावर रातोरात डोंगर चढला, अन् आमच्या घरातला एक माणूस त्या डोंगर चढवणाऱ्याचा फॅन झाला. पुढे त्यातल्या एका कर्जाचं व्याज सव्वाचौदा टक्क्यांवरून २०१० मध्ये सव्वासोळा झालं, तेव्हा मी त्याला मुद्दाम फोन करून सांगितलं. पहिल्यांदा त्याची बोलती बंद झाली. मग म्हणे, "एवढ्या व्याजात तर आम्ही गिऱ्हाईकाला चहा पण पाजला असता."

त्या काळात आम्ही जिंकत होतो हाच घोळ झाला. फर्ग्युसन मॅनेजर होता ना. २००७, ०८, ०९, ११, १३, पाच लीग, वर मॉस्कोत जिंकलेला युरोपचा कप, त्याच्या फायनलमध्ये चेल्सीचा टेरी पेनल्टी मारताना घसरला. जिंकणाऱ्या घरात कोणी पासबुक उघडून बघत नाही. मँचेस्टरचे पक्के लोक मात्र पहिल्या दिवसापासून ओरडत होते, काहींनी तर २००५ मध्येच आपला वेगळा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. बाकीच्यांनी २०१० मध्ये जुन्या न्यूटन हीथचे हिरवे-पिवळे मफलर घालून निषेध सुरू केला. त्या मार्चमध्ये आमचाच जुना खेळाडू बेकहम मिलानकडून ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे युनायटेडच्या ग्राउंडवर, खेळायला आला अन् मॅच संपल्यावर त्यानेही तो मफलर गळ्यात घातला. झालं, मला राहवलं नाही. आईकडून लोकरीचा हिरवा-पिवळा विणून घेतला अन् घालून सीताबर्डीवर निघालो. मार्चचा महिना, नागपूर, दुपार. तीन ओळखीचे भेटले, दोघांनी मलेरियाची टेस्ट केली का विचारलं अन् तिसऱ्याने कोणत्या पार्टीत गेला विचारलं. ग्लेझर कुटुंबापर्यंत माझा निषेध पोचला की नाही माहीत नाही पण मानेवर घामोळ्या पंधरा दिवस होत्या.

म्हातारा ग्लेझर २०१४ मध्ये गेला, कारभार पोरांकडे आला. सहा आहेत. त्याच्या आधीच २०१२ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात क्लब लिस्ट केला, चौदा डॉलरला एक शेअर. माझा पोरगा आता शेअर-बिअरचं ॲप घेऊन बसते, तो म्हणाला, "पप्पा, रडून काय राहिले, एक शेअर घ्या, मालक व्हा." मला आयडिया आवडली. मग त्यानेच पुढे वाचून दाखवलं की पब्लिकच्या शेअरला एक मत अन् ग्लेझरांच्या शेअरला दहा. आमच्या हाउसिंग सोसायटीत सेक्रेटरीने असं केलं असतं तर त्याची गाडी गेटच्या आत आली नसती.

पार्टनर मात्र भरपूर केले या लोकांनी. वाइन पार्टनर, टायर पार्टनर (तो आपला अपोलो, तेवढा अभिमान आहे), अन् एक ऑफिशियल गादी-उशी पार्टनर. लोक याच्यावर हसतात. मी डिफेन्स बघतो, मला ते पटते.

अन् एवढा पैसा येऊन छत गळते. १२ मे २०२४, आर्सेनलसोबत मॅच, पाऊस आला अन् ओल्ड ट्रॅफर्डच्या छतावरून धबधबा. बायको नेमकी तेव्हा हॉलमध्ये आली. टीव्हीकडे बघितलं, मग वर आमच्या स्लॅबकडे बघितलं जिथे मागच्या पावसाळ्यापासून डाग आहे. "अहो, यांच्यासाठी ॲपचे पैसे भरता अन् वॉटरप्रूफिंगवाल्याला पुढच्या महिन्यात ये म्हणता?" मी म्हटलं तिथे तर कोण जाणे कधी करतील. ती म्हणाली त्यांचं मी नाही विचारून राहिली.

मधे आशा लागली होती. २०२३ मध्ये कतारचा शेख क्लब घ्यायला येतो येतो करत परत गेला, अन् ऐन ख्रिसमसच्या आदल्या दिवशी बातमी आली, सर जिम रॅटक्लिफ, तिकडचाच, म्हणे लहानपणापासून युनायटेडचा, पाव हिस्स्याच्या वर घेतला अन् खेळाचा कारभार हातात घेतला. मी पेढे नाही वाटले पण संत्रा बर्फी आणली. मग आपल्या माणसाने काय केलं, तर अडीचशे लोकांची नोकरी घालवली, फर्ग्युसनचं वर्षाचं मानधन बंद केलं, तिकीट सीझन अर्ध्यावर असतानाच ६६ पौंड केलं, म्हाताऱ्याला नाही अन् पोराला नाही, सवलत खतम. मग आणखी लोक काढायची घोषणा अन् स्टाफचं फुकट जेवण बंद, त्याऐवजी फळं. फळं! बाबा आता रिटायर आहेत, हे ऐकून म्हणाले आमच्या कँटीनला कोणी असं केलं असतं तर अजनीहून एक इंजिन हललं नसतं. ग्लेझर तिथेच आहेत, बरं का, हिस्सा मोठा त्यांचाच. अन् टीम २०२५ मध्ये लीगमध्ये पंधरावी आली.

लोक म्हणतात सोडून दे. कामठीचा माझा एक मित्र आहे, तिकडे गल्लीगल्लीत फुटबॉल, तो तर दरवेळी म्हणते, "आमच्या रब्बानी क्लबची मॅच बघायला येत जा, मालकाशी भांडायचं असेल तर समोर उभा राहून भांडता येते." मी हो म्हणतो. मग शनिवार येतो अन् युनायटेडची मॅच असते.

२७ ऑगस्ट २०२५ला गणपती बसले. त्या रात्री आम्ही चौथ्या डिव्हिजनच्या ग्रिम्सबीकडून पेनल्टीवर हरलो, १२-११. मोबाइलवर एक एक पेनल्टी बघत मी देवाजवळच बसलो होतो, घरचे समजले यंदा याची भक्ती वाढली. सकाळी झोप नाही, डोकं गरम, तसाच गल्लीतल्या मंडपात गेलो अन् पोरांना म्हटलं, यंदा बडग्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत काढून जाळतात तो पुतळा) कोणाचा केला होता रे?

"महागाईचा, काका. पाचच दिवस झाले जाळून."

"पुढच्या वर्षी ग्लेझरचा करा. रॅटक्लिफचा पण, बाजूला छोटा. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत."

"कोणत्या पार्टीचे हायेत?"

मी सांगितलं, पहिल्यापासून, तारण, हप्ते, दहा मतं, फळं. एकाने ऐकलं, बाकीचे आरतीच्या तयारीला लागले. ऐकणारा मंडळाचा कोषाध्यक्ष होता, बीकॉमला आहे. "वर्गणी किती देता काका?"

"पाचशे एक."

"दोन बडग्यांचा खर्च लई जास्त येते." त्याने थोडा विचार केला. "पण होऊन जाईल. तुमचे पाचशे ॲडव्हान्स देऊ, बाकी बनवणाऱ्याकडे उधार ठेवू, बडग्याच्या नावावर. मिरवणुकीत त्याच्यासमोर पेटी फिरवू, जे जमते त्यातून फेडू. नाही जमलं तर तसाही जाळायचाच हाय."

मी पाचशे एक परत खिशात टाकले अन् त्याला म्हटलं, तू एकदा माझ्या साळ्याला भेट.