रविवारी वीरगळ बघायला निघताय? मग थोडं ऐका

जा, जरूर जा. रस्त्याच्या कडेचे जुने दगड शोधत फिरण्याइतका स्वस्त छंद दुसरा नाही. तिकीट नाही, रांग नाही, गाइड नाही आणि बऱ्याचदा दगडही नाही. पाण्याची बाटली घ्या, टोपी घ्या, फोन चार्ज करून घ्या. फक्त अभ्यास करून जाऊ नका.

अभ्यासाने त्रास वाढतो. वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, खालून वर वाचायचा असतो हे एकदा कळलं की संपलं. सगळ्यात खाली लढाई आणि आडवा पडलेला वीर, त्याच्या वर त्याला घेऊन निघालेल्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर आणि माथ्यावर कलश. एवढं पाठ करून तुम्ही गावात पोचता आणि बघता तर खालचा कप्पा देवळाच्या नव्या ओट्याच्या सिमेंटमध्ये गडप. वीर कशाने मेला तेच गायब, थेट स्वर्गवास! तळाशी गाई कोरलेल्या असल्या तर गुरं पळवणाऱ्यांशी लढताना तो पडला असं समजतात. त्या गाई आता पेव्हर ब्लॉकखाली आहेत. अभ्यास नसता तर तुम्ही समोर उभं राहून एक सेल्फी काढला असता आणि आनंदाने मिसळ खायला गेला असता.

पत्ता विचारताना ‘वीरगळ’ हा शब्द काढू नका. ‘शेंदूर लावलेला, घोडेस्वार कोरलेला दगड’ असं म्हणा. पारावरचे आजोबा तुमच्या बुटांपासून कॅमेऱ्यापर्यंत नजर फिरवतील आणि विचारतील, “कुठलं खातं? रस्ता वाढवायला आलाय का?” नाही म्हणालात की पुढचा प्रश्न ठरलेला, “मग धनासाठी?” हसू नका. खाली हंडा पुरलाय या समजुतीने असे दगड रात्रीतून उपटले जातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो खड्डा आजोबांनाच दिसतो. त्यांचा संशय तुमच्या कुतूहलापेक्षा जास्त अनुभवी आहे.

सतीशिळा ओळखणं सोपं. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात आणि वर चंद्रसूर्य. तिच्यावर कपडे आपटणाऱ्या मावशींना मात्र हे सांगायला जाऊ नका.

मैलाचे दगड बघायचे असतील तर फावडं न्या. मुंबईत इंग्रजांनी सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजत मैलाचे दगड लावले होते. त्यातले काही फूटपाथच्या थरांखाली जात जात शेवटी नुसतं डोकं वर काढून उभे होते. नंतर उकरून काढले म्हणा, आणि त्याचं कौतुकही झालं. पण दरवर्षी वर नवा थर टाकणाऱ्या माणसाला आपण काय गाडतोय हे दिसत नव्हतं? दिसत असणार. निविदेत ‘दगड उचलून वर घेणे’ असं कलम नसणार, बाकी काही नाही.

‘संरक्षित स्मारक’ सांगणारा पुरातत्त्व खात्याचा निळा फलक दिसला तर आधी त्याचा फोटो काढा. तो सहसा स्मारकापेक्षा धडधाकट असतो. जुन्या फलकावर तीन महिने कैद आणि पाच हजार दंड लिहिलेलं सापडेल. 2010 च्या दुरुस्तीनंतर कैद दोन वर्षांपर्यंत आणि दंड एक लाखापर्यंत गेला, शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी थेट कायद्यातच आली. पण गावच्या दादांचा वाढदिवस शंभर मीटर मोजत येत नाही, तो थेट फलकाच्याच खांबाला सुतळीने बांधला जातो. आणि हे सगळं यादीतल्या स्मारकांचं. रस्त्याकडेचे बहुतेक वीरगळ कुठल्याच यादीत नाहीत, त्यामुळे त्यांना कायदा नाही, फलक नाही, दंडही नाही. तसं यादीत असून तरी काय होतं? 2013 मध्ये कॅगच्या अहवालात 92 संरक्षित स्मारकं जागेवर सापडत नसल्याचं निघालं. हरियाणातल्या मुजेसरचा कोस मिनार, म्हणजे मुघलांचा मैलाचा दगडच तो, शेवटी 2024 मध्ये यादीतून काढायचं ठरलं. मिनार हरवला तर यादी दुरुस्त करायची. किती सोपं!

आता झिजलेली अक्षरं वाचण्याबद्दल, कारण खरी मजा तिथेच आहे. जाणकार सांगतात, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, तिरपं ऊन पडलं की बुजलेली अक्षरं उठून दिसतात. ऊन नसेल तर बाजूने टॉर्च धरा. खडू फिरवू नका, पीठ चोळू नका, तारेचा ब्रश तर लांबच ठेवा. हे सगळं विसरा. तिरप्या उन्हाची वाट बघत बसणं हे रिकामटेकड्यांचं काम आहे. आपल्याकडे त्याहून जलद पद्धत निघाली आहे, ती मी गेल्या महिन्यात डोळ्यांनी बघून आलो.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथे पाच गाड्या उभ्या राहतील. तालुक्याच्या रस्त्याला लागून एक गद्धेगळ आहे. वर सूर्यचंद्र, मधे लेख, खाली गाढव आणि बाई. दान दिलेल्या जमिनीला जो हात लावेल त्याच्या आईचं काय होईल, ते जुन्या राजवटींनी असं चित्र काढूनच सांगून ठेवलं होतं, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं. काही वर्षांपूर्वी मी गेलो होतो तेव्हा दगड बाभळीखाली कलता उभा होता. शेवाळ होतं, एक कोपरा उडालेला होता, पण कलत्या उन्हात मधल्या ओळी दिसत होत्या. या वेळी बाभूळ नव्हती. तिथे चौथरा होता, स्टीलची रेलिंग होती, बसायला दोन बाकडी होती. आणि दगड चंदेरी ऑइल पेंटने रंगवलेला. सूर्य पिवळा, चंद्र पांढरा. खालचं चित्र बायाबापड्यांना बघवत नाही म्हणून त्यावर टाइल चिकटवलेली. फरशीवर आंब्याचं झाड, त्याच्याखाली मोर.

तरी मी म्हटलं, रंग निघतो. म्हणून मधल्या भागावरून बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत. बोटाला एक खाच लागेना. तिथे गाडी धुणारा एक तरुण होता, तो हौसेने जवळ आला. “आधी लई खडबडीत होता दादा. ग्राइंडर मारून घेतला, मग रंग. आता कसा चकाचक दिसतोय!” त्याने मला चहा विचारला. त्याच्यावर कसं चिडणार? त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. आणि सांगणार कोण? चौथऱ्यावर काळी ग्रॅनाइटची पाटी आहे. सोनेरी अक्षरांत ‘सुशोभीकरण’, मग कुणाच्या निधीतून, कुणाच्या प्रयत्नांतून, कुणाच्या शुभहस्ते, कोण प्रमुख उपस्थित. नावंच नावं. अध्यक्षांच्या नावापुढे दोन पदव्या. दगड कशाचा आहे, त्यावर काय होतं, याबद्दल त्या पाटीवर एक ओळ नाही.

म्हणजे नव्या लेखासाठी जुना लेख घासून काढला. नवा लेख टिकाऊ आहे हो, ग्रॅनाइटचा आहे.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले, स्टेटस टाकले. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख सूर्यचंद्र कोरलेल्या अशाच दगडावर आहे. त्यावरचं साल शके 934, म्हणजे इ. स. 1012, असं वाचलं जातं आणि मराठीच्या सगळ्यात जुन्या लेखांत तो धरला जातो. तोही वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेलाच होता. त्याच्या नशिबाने तिथे सुशोभीकरणाचा निधी वेळेत पोचला नाही, म्हणून अक्षरं वाचायला मिळाली.

आता सरळच बोलतो. ज्याने त्या फाइलवर सही केली तो शिकलेला माणूस होता. दगडावर अक्षरं आहेत हे त्याला कळत होतं. एक फोन करून विचारायचं होतं, जवळच्या कॉलेजात इतिहास शिकवणारं कुणीतरी धावत आलं असतं, फुकट आलं असतं. ओला कागद बसवून ठसा घ्यायला एक सकाळ पुरते. तेवढंही केलं नाही, कारण उद्घाटनाची तारीख ठरलेली होती आणि मंडप सांगून झाला होता. लाज वाटायला हवी होती. रंग खरवडता येतो, सिमेंट फोडता येतं. ग्राइंडरने गेलेलं अक्षर कुठून आणणार?

आणि तुम्ही, हे वाचून मान डोलावणारे. तुमच्या गावच्या वेशीवरच्या दगडाचा साधा, अक्षरं दिसतील असा एक फोटो तरी तुमच्याकडे आहे का? दुसऱ्यांच्या गावात जाऊन, वीरगळावर पाय ठेवून फोटो काढायचे, खाली ‘दुर्मिळ!!’ लिहून लोकेशन टाकायचं, आणि आपल्या गावात चौथऱ्याची वर्गणी मागायला आले की पाचशे रुपये देऊन पाटीवर नाव घालायला सांगायचं. हा छंद नाही, फाजीलपणा आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, या तारखांना ग्रामसभा घ्यायची पद्धत आहे. त्या दिवशी सुट्टीच असते तुम्हाला. जा आणि उभं राहून सांगा की वेशीवरच्या दगडाला रंग लावायचा नाही, सिमेंट लावायचं नाही, त्याला हात लावण्याआधी जाणकाराला बोलवायचं, आणि हे ठरावात लिहून घ्या. लोक हसतील. हसू देत. तेवढं होत नसेल तर रविवारी घरी झोपा, पेट्रोल तरी वाचेल.