उपयुक्ततावाद म्हणजे बहुमत नव्हे : एक खुलासा

‘जास्त लोकांना हवे तेच योग्य, असे मिलने सांगितले आहे, मग वळणरस्त्यासाठी चार शेतकऱ्यांची जमीन गेली तर ओरड कशाला?’ अशा आशयाचा मजकूर सध्या बेळगाव-खानापूर भागात फिरत आहे. तो उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या नावावर खपवणे चुकीचे आहे. ज्याने सर्वांचे मिळून एकूण सुख जास्तीत जास्त वाढते ते योग्य, असे उपयुक्ततावाद मानतो.

या विचाराचा आद्य प्रवर्तक जेरेमी बेंथमने १७८९ मध्ये मांडलेल्या सुखदुःखाच्या हिशेबात नुसती डोकी मोजून भागत नाही; त्यांची तीव्रता आणि कालावधीही धरावा लागतो. वडगाव-शहापूर शिवारात बासमती भात काढून त्याच वावरात मसूर घेणाऱ्या कुटुंबाचे कायमचे नुकसान एका पारड्यात आणि हजारो वाहनचालकांची वाचलेली दहा मिनिटे दुसऱ्यात टाकली, तर कोणते जड ठरेल हे आधीच सांगता येत नाही. शिवाय बहुसंख्यांच्या जुलमाविरुद्ध खुद्द मिलनेच १८५९ मध्ये इशारा दिला होता; सीमाभागात तरी तो नवा वाटू नये.

तरीही बेरीज रस्त्याच्याच बाजूने झाली तर? खरा आक्षेप इथे सुरू होतो. एखादा माणूस स्वतःच्या उद्याच्या सुखासाठी आजचा त्रास सोसतो, तोच न्याय उपयुक्ततावाद सबंध समाजाला लावतो आणि माणसामाणसांतले वेगळेपण पुसून टाकतो, असे तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये म्हटले. सोसणारा एक आणि सुखावणारा दुसरा असतो, तेव्हा त्या बेरजेतून सोसणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही.

मजकुराच्या शेवटी जोडलेले तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांचे १९७४ मधील काल्पनिक अनुभवयंत्र मात्र वेगळ्याच प्रश्नाचे आहे. हवे ते अनुभव देणाऱ्या यंत्राला आपण जन्मभर जोडून घेऊ का, असे विचारून ते सुखाखेरीज आपल्याला आणखी काही मोलाचे वाटते का, हे तपासते; जमीन कोणाची जावी, यावर ते काहीच सांगत नाही.