हार्ट पेशंटनी दर महिन्याला जंताची गोळी? कशाला?

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय, तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. कापलेल्या हृदयाचा फोटो, आत शेवयांसारखे पांढरे जंत, आणि खाली लिहिलंय की हार्टच्या गोळ्यांनी इम्युनिटी जाते, मग जंत होतात, तेच ब्लॉकेज करतात, म्हणून दर महिन्याला जंताची गोळी घ्या.

आधी तो फोटो. हृदय कुत्र्याचं आहे हो! डायरोफिलेरिया इमिटिस नावाचा हा जंत डास चावून पसरतो, कुत्र्याच्या हृदयाच्या उजव्या बाजूला नि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत राहतो, मादी तर वीतभरापेक्षा लांब होते. माणसात अळी शिरलीच तर बहुतेक वेळा मोठी न होताच मरते, फार तर फुप्फुसात छोटी गाठ राहते.

ब्लॉकेज म्हणजे धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं साठलेलं कोलेस्टेरॉल. तंबाखू, शुगर, बीपी, हीच नेहमीची मंडळी. जंतांचा काही संबंध नाही.

आता इम्युनिटी. अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन, बीपीच्या गोळ्या यांनी ती जात नाही, उगाच घाबरून कोणी बंद करू नका. हार्ट पेशंटला जंत होतात ते इतरांना होतात तसेच, म्हणजे शेतात अनवाणी फिरल्यावर हुकवर्मची अळी तळपायातून शिरते, न धुतलेल्या कोथिंबिरीतून अंडी पोटात जातात. खरा वाढीव धोका कोणाला, तर हार्ट ट्रान्सप्लांट झालेल्यांना किंवा जास्त दिवस स्टेरॉइड चालू असलेल्यांना. त्यांच्यात आतड्यात वर्षानुवर्षं गुपचूप बसलेला स्ट्राँगिलॉइडिस नावाचा बारीक जंत अचानक अंगभर पसरू शकतो, टोक्सोप्लाझ्मा हा डोळ्यांना न दिसणारा परजीवी तर दात्याच्या हृदयातूनही येऊ शकतो. पण त्यांची तपासणी आणि औषधं ट्रान्सप्लांटचे डॉक्टर ठरवतात, फॉरवर्ड नाही.

दर महिन्याची गोळी कुठून काढली देव जाणे. सरकारची जंतनाशक मोहीमसुद्धा 1 ते 19 वयाच्या मुलांसाठी आहे, अल्बेंडाझोल, तीही वर्षातून दोनदा. आणि मेडिकलमधून मनाने गोळ्या घेण्यात खरी गडबड वेगळीच आहे. व्हॉल्व्ह बदललेले बरेच लोक रक्त पातळ करायची वॉरफरिन घेत असतात, जुलाब लागले की मेडिकलवाला सहज मेट्रोनिडाझोल देतो, त्याने वॉरफरिनचा असर वाढतो, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) वर जातो आणि हिरड्यांतून, लघवीतून रक्त यायला लागतं, कधी मेंदूतही रक्तस्राव होतो. म्हणून काउंटरवर पहिलं वाक्य हेच की माझी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

मग परजीवी हृदयाला काहीच करत नाहीत का? करतात ना. 1909 मध्ये ब्राझीलमध्ये कार्लोस शागास यांनी शोधलेला आजार खरोखर हृदय निकामी करतो, पण तो मुख्यतः लॅटिन अमेरिकेतला, तिथल्या ढेकणाच्या नात्यातल्या एका किड्यामुळे पसरणारा. आपल्याकडे लक्ष द्यायचं ते हुकवर्मकडे. तो आतड्यातून रक्त पितो, हिमोग्लोबिन घसरतं, आणि आधीच दमलेल्या हृदयावर ताण येऊन धाप वाढते. तेव्हा हार्ट पेशंटचं हिमोग्लोबिन कमी आलं, त्यात शेतातलं काम असेल, तर डॉक्टरांना विचारून शौचाची तपासणी करून घ्या, जंत निघाले तर गोळी तेच देतील.