पाणी रोखायचं, पण इंग्रजीत

लातूरात टाकी ओव्हरफ्लो होणं म्हणजे काय, ते २०१६ चा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला विचारा. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर, आणि भांडणं होऊ नयेत म्हणून पाणी भरायच्या जागी कलम १४४, पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. अशा गावात मोटार चालू करून खुशाल झोपणारे लोक आमच्याच अपार्टमेंटात आहेत. तर नोटीस लावायचं ठरलं, आणि तीही इंग्रजीत, कारण मराठी नोटीसला कुणी विचारत नाही, इंग्रजी बघितली की माणूस जरा दबकतो. काम माझ्या गळ्यात. का, तर माझ्याकडं प्रिंटर आहे.

मराठीत 'पाणी वाया जाऊ देऊ नका' म्हटलं की विषय संपला. इंग्रजीत प्रत्येक क्रियापदाचं मानपान वेगळं, लग्नातल्या व्याह्यांसारखं. प्रिव्हेंटला फ्रॉम पाहिजे, 'प्रिव्हेंट वॉटर फ्रॉम ओव्हरफ्लोइंग'. वाटलं चला, नियम सापडला, अव्हॉइडलाबी तोच लावू, तर त्याला फ्रॉम चालतच नाही, नुसतं 'अव्हॉइड वेस्टिंग'. फॉरबिडला टू, प्रोहिबिटला परत फ्रॉम. स्टॉपचं तर लईच अवघड, 'स्टॉप टू ड्रिंक टी' म्हणजे चहा प्यायला थांबणं आणि 'स्टॉप ड्रिंकिंग टी' म्हणजे चहा सोडणं (पहिलं आमच्याकडं दर चौकात घडतं, दुसरं अजून कुणाला जमलेलं नाही).

पण खरा दगाबाज कीप. 'कीप द टँक फ्रॉम ओव्हरफ्लोइंग' म्हणजे टाकी वाहू देऊ नका. मधला फ्रॉम टायपिंगमधे गळाला की झालं 'कीप द टँक ओव्हरफ्लोइंग', म्हणजे टाकी वाहतीच ठेवा! एवढ्याशा फ्रॉमच्या भरवशावर अख्ख्या बिल्डिंगचं पाणी, त्यात माझ्या प्रिंटरची शाई कुठल्या अक्षराला संपेल त्याचा नेम नाही, म्हणून कीपचा नाद सोडला.

शेवटी सरकारी हापिसांनी घासून गुळगुळीत केलेला रस्ता धरला, 'वेस्टेज ऑफ वॉटर इज स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड'. यात कोण कुणाला रोखतंय ते सांगायचंच नाही, त्यामुळं फ्रॉमबी नाही अन् टूबी नाही. मोठ्या अक्षरात प्रिंट काढली, जिन्यापाशी चिकटवत होतो तर खालच्या मजल्यावरचे काका आले, चष्मा वर करून दोनदा वाचली.

"झकास झालंय की. पण मोटार बंद करा म्हणून कुठं लिहिलंय ह्यात?"