दहा दिवस कशात जातात? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘मशीन आहे, पेशंट दारात उभा आहे, मग शेक (रेडिएशन) सुरू करायला दहा दिवस कशाला? प्लॅनिंगचं कौतुक पुरे. 2021 मध्ये गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ऑक्सिजनवाचून माणसं गेली तेव्हा कुठे होतं हे प्लॅनिंग?’ स्तनाच्या कर्करोगावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही असं विचारलंत. तुमच्या वहिनींच्या शेकासाठी डिचोलीहून हेलपाटे घालताना जीव मेटाकुटीला येतो, हे मी रोज पाहते. म्हणून सविस्तर लिहिते.

वहिनींना पहिल्या दिवशी हात डोक्यावर घेऊन उतरत्या फळीवर झोपवलं असेल, व्रणावर बारीक तार चिकटवली असेल आणि सीटी काढून कातडीवर शाईचे दोन-तीन ठिपके गोंदले असतील. खरं काम त्यानंतर सुरू होतं. काही मिलिमीटरच्या अंतराने घेतलेल्या त्या सीटीच्या एकेका चित्रावर डॉक्टर स्तनाचा भाग, हृदय, फुप्फुस हाताने आखतात. मग आम्ही फिजिसिस्ट, म्हणजे किरणांचा डोस आखणारे, किरण तिरपे, छातीला घासून जातील असे बसवतो. डाव्या बाजूचा आजार असेल तर हृदय अगदी कडेला येतं. पेशंटने खोल श्वास घेऊन वीसेक सेकंद धरला की फुप्फुस फुगतं, छाती वर येते आणि हृदय मागे-खाली सरकतं. हे सगळ्यांना जमत नाही, त्यामुळे करून पाहावं लागतं. 2013 साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात हृदयाला सरासरी एक ग्रे (किरणांच्या डोसाचं माप) जास्त मिळाला की गंभीर हृदयविकाराचा धोका मूळ धोक्याच्या सुमारे 7.4 टक्क्यांनी वाढलेला दिसला. चाळिशीतल्या बाईला पुढे तीस-चाळीस वर्षं काढायची असतात. तिच्यासाठी दोन दिवस जास्त बसायला माझी हरकत नाही.

पूर्वी पाच आठवडे रोज यावं लागायचं, 25 बैठकांत 50 ग्रे. आता बऱ्याच जणींना 15 बैठकांत 40 ग्रे देतात, आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीनंतर निवडक पेशंटना पाच बैठकांत 26 ग्रेही देता येतात. डिचोलीहून येणाऱ्यांना हा मोठा दिलासा. पण एका बैठकीत जितका डोस जास्त, तितकी त्या बैठकीतली चूक महाग. म्हणून प्लॅन दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय मशीनवर जात नाही.

आता ऑक्सिजन. मे 2021 मध्ये, कोविडच्या लाटेत, बांबोळीला गोमेकॉत जे झालं ते मीही विसरलेले नाही. 11 मे रोजी पहाटे 2 ते 6 या वेळेत 26 रुग्ण दगावल्याचं आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं, उच्च न्यायालयात रात्रीच्या पुरवठ्यावर सुनावण्या झाल्या. तुम्ही हे उदाहरण प्लॅनिंगच्या विरोधात दिलंत, मला ते नेमकं उलटं दिसतं. जंबो सिलिंडरमध्ये साधारण 7000 लिटर वायू असतो. मिनिटाला 60 लिटर लागणारा एकच रुग्ण तो दोन तासांच्या आत संपवतो. असे कित्येक रुग्ण एकाच पाइपलाइनवर असले, की सिलिंडरांच्या एका ट्रॉलीवरून दुसरीवर जाताना दाब पडला तर वॉर्डात काय होतं, हे आधी मांडता येणारं गणित आहे. रात्री किती खप होईल, कुठल्या दाबाला अलार्म वाजेल, सिलिंडरांचा पर्यायी संच कोण उघडेल, ट्रॉली ओढून आणणारा ट्रॅक्टर उशिरा आला तर काय, हे सगळं लिहून ठेवावं लागतं. त्याच महिन्यात तिथे 20,000 लिटरची द्रव ऑक्सिजनची टाकी बसली. एका लिटर द्रवाचा सुमारे 860 लिटर वायू होतो, म्हणजे जवळपास अडीच हजार जंबो सिलिंडर एका टाकीत. टाकी आधी असती तर? हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो प्लॅनिंग कमी पडल्याचाच प्रश्न आहे.

तुमचा एक मुद्दा मात्र मला सोळा आणे मान्य आहे, तो म्हणजे नुसत्या रांगेचा. दहा दिवसांतले चार-पाच दिवस आखणी आणि तपासणीचे असतील तर ते वहिनींच्या भल्याचे. बाकीचे मशीन बंद म्हणून किंवा फाइल टेबलावर पडली म्हणून गेले असतील, तर ते कुणीच खपवून घेऊ नये. विभागात जाऊन विचारा : आखणी झाली का, प्लॅन मंजूर झाला का, पहिली तारीख कोणती. ऑपरेशन होऊन किती आठवडे झाले हेही सांगा, कारण महिनोन्‌महिने लांबवणं धोक्याचं असतं. आणि आजार डाव्या बाजूचा असेल तर श्वास धरण्याचा सराव घरी करू का, हे डॉक्टरांना विचारा. हो म्हणाले तर आजपासूनच करायला लागा.