कॉजवेच्या पलीकडे तीच गाडी

माझ्या आत्तेभावाने दिवाळीत पुण्यात एसयूव्ही घेतली आणि घरच्या ग्रुपवर गाडीच्या आधी बिलाचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "निम्मे पैसे सरकारने खाल्ले. शेजारपाजारच्या एकाही देशात एवढी लूट नसेल. परदेशात बसलेल्यांनी सांगावं, तिकडे गाडी किती स्वस्त पडते ते." परदेशात बसलेला म्हणजे मी. आणि मी राहतो सिंगापुरात. गाडी महाग म्हणून रडायला त्याने अगदी नेमका माणूस निवडला.

आधी त्याचं बिल बघू. सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि मोठ्यांवर ४०. त्याची मोठी. मूळ किंमत दहा लाख धरली तर जीएसटी चार लाख. मग त्या चौदा लाखांच्या एक्स-शोरूम किमतीवर महाराष्ट्राचा रोड टॅक्स, पेट्रोल गाडीला १२ टक्के, म्हणजे एक लाख अडुसष्ट हजार. पावणेसोळा लाख मोजले त्यात कर पावणेसहा लाखांच्या आत. एक तृतीयांशाहून थोडा जास्त, निम्मा नव्हे. शिवाय अशाच गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि त्यावर २२ टक्क्यांपर्यंत उपकर लागायचा. म्हणजे कर कमी झाल्यावर गाडी घेऊन हा बोंब मारतोय. हे सगळं मी ग्रुपवर हिशेबासकट लिहिलं. आत्याने अंगठा दिला. त्याने नाही.

शेजाराचं म्हणाल तर नेपाळ बघा. भारतात बनलेली पेट्रोल गाडी सीमा ओलांडून तिकडे गेली की सीमाशुल्क, अबकारी, व्हॅट असं करत करत कराचा आकडा गाडीच्या मूळ किमतीच्या पुढे जातो. तिथे विजेच्या गाडीवर कर बराच कमी आहे, कारण वीज नद्यांची आणि पेट्रोल सगळं बाहेरचं. गाडी तीच, रस्ता तोच पुढे जातो, सरकारला काय हवंय ते बदलतं.

सिंगापूर सरकारला काय हवंय हे लपून नाही. त्यांना गाड्या नको आहेत. बेटावरची साधारण १२ टक्के जमीन आधीच रस्त्यांखाली आहे. म्हणून १९९० पासून इथे गाडी घ्यायची तर आधी सीओई घ्यावं लागतं: दहा वर्षं गाडी बाळगण्याचा परवाना, महिन्यातून दोनदा लिलावात विकला जाणारा. २०१८ पासून मोटारींच्या संख्येची ठरवून दिलेली वाढ शून्य आहे. एक गाडी मोडीत निघाली की दुसरीला जागा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाडीचं सीओई दीड लाख सिंगापुरी डॉलरवर गेलं होतं. नुसता परवाना, हं. चाकं वेगळी.

आता इथलं बिल. आयात किंमत २५ हजार डॉलर, म्हणजे अगदी साधी सेडान. त्यावर २० टक्के अबकारी, पाच हजार. दोन्हींवर ९ टक्के जीएसटी, सत्तावीसशे. मग अतिरिक्त नोंदणी शुल्क: पहिल्या वीस हजारांवर १०० टक्के, पुढच्या पाच हजारांवर १४०, मिळून सत्तावीस हजार. गाडी महागडी असेल तर हा दर ३२० टक्क्यांपर्यंत चढतो. सीओई एक लाख धरा. झाले एक लाख साठ हजार डॉलर, रुपयांत एक कोटीच्या वर, आणि यात विक्रेत्याचा नफा अजून आलेलाच नाही. कर्ज काढू म्हणाल तर या किमतीच्या गाडीला साठ टक्क्यांपर्यंतच मिळतं आणि सात वर्षांत फेडावं लागतं. उरलेले चाळीस टक्के रोख.

आणि कॉजवे म्हणजे समुद्रातून मलेशियात जाणारा किलोमीटरभराचा बांधरस्ता, त्याच्या पलीकडे मलेशियातलं जोहोर बाहरू. इथल्या सीओईचे एक लाख डॉलर तिथे तीन लाखांवर रिंगिट होतात, आणि तेवढ्यात तिथे चांगली ऐसपैस गाडी दारात येते. मलेशियाला गाड्या हव्या आहेत. पंतप्रधान महाथिरांच्या काळात, १९८३ मध्ये, प्रोटॉन ही देशी मोटार कंपनी काढली. १९९३ मध्ये दुसरी, पेरोदुआ आली. देशी कारखाना जगवायचा तर लोकांनी गाड्या घेतल्या पाहिजेत, म्हणून कर्ज नऊ वर्षांचं आणि पेट्रोल सवलतीचं. पण तिथेही विदेशी गाडी फुकट मिळत नाही. अबकारीचे दर ६० टक्क्यांपासून १०५ टक्क्यांपर्यंत आहेत. आम्हाला मलेशिया स्वस्त वाटतं ते आमच्या खिडकीतून. ज्याचा पगार रिंगिटमध्ये येतो त्याला विचारा.

गाडी पलीकडून आणू, असा विचार इथे प्रत्येक नवा माणूस करतो. जमत नाही. सिंगापुरात राहणाऱ्याला मलेशियन पाटीची गाडी इथे चालवता येत नाही. उलट बाजूनेही पहारा आहे. इथली गाडी वुडलँड्सच्या सीमानाक्यावरून पलीकडे निघाली की टाकी निदान पाऊण भरलेली हवी, म्हणजे तिकडच्या स्वस्त पेट्रोलने टाक्या भरून कोणी येऊ नये. एका मित्राबरोबर मी शुक्रवारी संध्याकाळी गेलो होतो. रांगेत त्याचं लक्ष रस्त्यापेक्षा काट्याकडे जास्त. पलीकडच्या पंपावर पिवळ्या नळीचं पेट्रोल परदेशी गाड्यांना मिळत नाही. त्याने निमूटपणे महागातलं भरलं. घरी आल्यावर मात्र मलेशिया किती स्वस्त हे तो आठवडाभर सांगत होता.

तर भावाला मी लिहिलं: गाडीची किंमत कारखान्यात ठरत नाही, ती देशाच्या मनात ठरते. पुण्यात रस्ते तेवढेच आणि गाड्या वाढतच चालल्यात, मग कर थोडा जास्त असला तर बिघडलं काय? आमच्याकडे बघ, गाडीचं ओझं नको म्हणून लोक मुकाट्याने बसने जातात.

त्याचं उत्तर लगेच आलं. "तुझ्या दारात बस येते रे. माझी मेट्रो रामवाडीला संपते आणि मी राहतो वाघोलीत. मी कर गाडी असण्याचा भरत नाही, बस नसण्याचा भरतो."

याला उत्तर नाही. खरं म्हणजे माझ्या वादातला सगळा दम त्या बसमध्ये होता आणि ती मी हिशेबात धरलीच नव्हती, कारण ती असतेच. तरी मी हटलो नाही. मुंबई-पुण्यात पाँडिचेरीच्या आणि हिमाचलच्या नंबरांच्या महागड्या गाड्या फिरतात त्यांचं काय, असं विचारलं. तिकडे कर कमी म्हणून तिकडे नोंदणी करायची, आणि बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात राहिलेल्या गाडीची पुन्हा नोंदणी करावी लागते हा कायदा सोयीने विसरायचा. आम्हाला निदान कॉजवेवर अडवतात! त्यावर तो म्हणाला, "तू आमचं म्हणतोस तेव्हा नक्की कुठलं म्हणतोस?"

वहिनीने विषय बदलला. पण माझ्या डोक्यात ते राहिलं.

मी इथे गाडी घेतली नाही. विचारणाऱ्याला मी एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, कौतुक ऐकवतो, आणि ते खोटं नाही. पण लिलावाच्या निकालाच्या बुधवारी मी आकडा बघतोच. घ्यायला परवडणार नाही असंही नाही, ओढूनताणून जमेल. अडतं ते दहा वर्षांवर. दहा वर्षांचा परवाना घ्यायचा म्हणजे दहा वर्षं इथेच आहोत असं कुठेतरी ठरवायचं, आणि माझा स्वतःचा इथे राहण्याचा पास त्याहून कितीतरी कमी मुदतीचा आहे. पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, अर्ज करावा असं बायको म्हणते. केला तर मुलाला पुढे इथली लष्करी सेवा करावी लागेल, म्हणून मी म्हणतो, थांबू. तिला माहीत आहे की मुलाची सेवा हे सांगायचं कारण आहे. गाडी मधेच विकता येते, दहा वर्षांच्या आत मोडीत काढली तर काही पैसे परतही मिळतात, हे तिने मला दोनदा समजावलं आहे. आमच्या इमारतीखाली भाड्याने देता येणारी पार्किंगची जागा रिकामी आहे, तेही तिनेच बघून ठेवलंय.