एम की डब्ल्यू

रविवारी सकाळी माझ्या सासऱ्यांनी माझ्या सायकलचा जन्मदाखला तारेच्या घासणीने घासून काढला. वर म्हणाले, "चिकट कागद होता हो, निघता निघेना."

तो चिकट कागद म्हणजे सीटखालच्या नळीवर नखाएवढा उरलेला स्टिकर. नळी कोणाची, हे अशा स्टिकरवर लिहिलेलं असतं. अर्धा केव्हाच गेला होता. उरलेला अर्धा मी सोमवारी भिंग आणून वाचणार होतो.

सायकल जुनी, जपानी, युनिवेगा. इथे कॅलिफोर्नियात एकाच्या गॅरेजमधून ऐंशी डॉलरला उचलली आणि कौतुकाने दुकानात दाखवायला नेली, तर तिथला पोरगा म्हणाला, युनिवेगाने एकही सायकल स्वतः बनवलेली नाही. खरं आहे ते. इथल्याच एका आयातदाराने इटालियन वाटेल असं नाव ठेवलं आणि माल जपानहून आणवला. बराचसा मियाता नावाच्या जपानी कारखान्याकडून, पण सगळा नाही. तेव्हा धंदाच तसा होता. श्विन या अमेरिकन कंपनीच्या काही सायकली पॅनासॉनिकने बनवल्या. हो, तेच, आपल्या टेपरेकॉर्डरवाले.

म्हणजे बाप शोधणं आलं. मियाताच्या फ्रेमवर ठोकलेल्या नंबरात पहिलं अक्षर वर्षाचं असतं: 1972 ला ए, तिथून मोजत गेलं की एम म्हणजे 1984. शनिवारी सायकल उलटी केली, पॅडलच्या आसाखालचं चाळीस वर्षांचं ग्रीस जुन्या टूथब्रशने खरवडलं, आणि रंगाच्या थरातून नंबर वर आला. नाना पलीकडे खुर्ची टाकून बसले होते. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. दोन झालेत.

"डब्ल्यू," नाना म्हणाले.

"एम आहे, नाना."

"मला डब्ल्यू दिसतोय."

"तुम्ही उलट्या बाजूला बसलाय."

"उलटी सायकल तुम्ही केलीत, जावईबापू. मी सरळ बसलोय."

म्हटलं, आकड्यांवरून सिद्ध करू. तर आकडे निघाले 608918. यातला एकही आकडा उलटा केला तरी कुरकुरत नाही. नानांनी त्यांच्या बाजूने खणखणीत वाचून दाखवलं: "आठ, एक, सहा, आठ, शून्य, नऊ, डब्ल्यू."

"अक्षर आधी असतं नाना, शेवटी नाही."

"जपानी लोक उजवीकडून लिहितात."

"आकडे नाही हो लिहीत तसे."

"तुम्ही गेलाय जपानला?"

मी गेलेलो नाही. नानाही गेलेले नाहीत. पण हा प्रश्न जो आधी विचारतो तो जिंकतो, हा पुण्याचा नियम आहे.

मी ब्रेक दाखवला. ब्रेक-गिअर बनवणारं जपानी शिमानो आपल्या मालावर दोन अक्षरं उठवायचं, पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. माझ्या ब्रेकवर एचके, म्हणजे नोव्हेंबर 1983. चौऱ्याऐंशीच्या फ्रेमला अगदी चपखल.

"उद्या मी तुमचा शर्ट घातला," नाना म्हणाले, "तर मी तुमच्या वडिलांचा मुलगा होईन का?"

याला उत्तर नाही. मग त्यांनी त्यांची रॅले काढली. नाव इंग्रजांचं, कारखाना आसनसोलला, वीस वर्षं चालवली, कोणी बनवली म्हणून एकदाही विचारलं नाही. "ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ..." एवढं म्हणून ते थांबले. उरलेलं मी म्हणावं अशी अपेक्षा होती. मी नाही म्हटलं.

कारण मला खरंच राग आला होता. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर एका कंपनीचं नाव आहे, पगार दुसरी देते, आणि मी लिहिलेलं सॉफ्टवेअर तिसरीच्या नावाने विकलं जातं. कूळ विचारू नये हे ज्याचं कूळ छापून येतं त्याने सांगावं. त्या फ्रेममध्ये सीटजवळच्या जोडाखाली कानशीचा एक बारीक ओरखडा राहिलाय, रंगाखालूनही नखाला लागतो. नळ्या जोडणारं पितळ मात्र कडेने कसं एकसारखं धावलंय! हे करणारा माणूस कुठल्या नळीवर आहे? वरच्या नळीवर आयातदाराचं नाव आहे, तेही सोनेरी. पुढे 1985 नंतर येन महागला आणि अशी बरीच कामं तैवानला गेली. आमच्या मजल्यावर सध्या अशाच एका 'गेली'ची कुजबुज चालू आहे, पण ते जाऊ दे.

तर, रविवार. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात नानांनी मदत केली. स्टिकर गेला, त्याच्यासोबत तळहाताएवढा मूळ रंग गेला. मी टॉवेल गुंडाळून गॅरेजमध्ये उभा, आणि नाना फोनवर सासूबाईंना चकचकीत नळी दाखवत होते.

"बघ, कशी लख्ख केली. यांना जमत नव्हतं."

"कुठली हो?" सासूबाईंचा आवाज आला.

"इंग्लंडची असावी," नाना म्हणाले. "खाली डब्ल्यू आहे."